कार्नेशनचा वाफा

पावसाळा ओसरू लागला की बियाण्यांच्या दुकानांतून फुलझाडांच्या पुड्या मांडलेल्या दिसू लागतात. झेंडू, ॲस्टर, फ्लॉक्स ही नावे तुमच्या ओळखीची असतील. त्यांच्याच रांगेत कधीकधी कार्नेशनची पुडी असते. पुडीवरचे चित्र मोठे मोहक असते. काठाशी बारीक कातरलेल्या पाकळ्या एकीवर एक दाट बसलेल्या, रंग कोठे गुलाबी, कोठे पांढरा, तर कोठे गडद तांबडा. ते चित्र पाहून पुडी विकत घेणारे पुष्कळ आहेत. परंतु चित्रातल्यासारखे फूल आपल्या अंगणात पाहावयास मिळालेले त्यांतील थोडेच. ‘झाड फार नाजूक आहे हो!’ असे म्हणून बाकीचे तो नाद सोडून देतात.

माझे मत निराळे आहे. कार्नेशन हे मुळात काटक झाड आहे. मात्र त्याच्या आणि आपल्या सवयी जुळत नाहीत. आपण ज्याला लाड म्हणतो, त्यानेच ते मरते. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने शिकविली नाही. शाळेच्या आवारातील एका वाफ्याने शिकविली, आणि त्यासाठी सत्तर रोपांचा बळी घेतला. ती हकिकत पुढे येईलच. प्रथम या झाडाची ओळख करून घेऊ.

कार्नेशनचे मूळ घर भूमध्य सागराच्या आसपासच्या प्रदेशात आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘डायअँथस कॅरिओफायलस’ म्हणतात. यातील पहिला शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘देवाचे फूल’ असा होतो. दुसऱ्या शब्दाचा संबंध लवंगेशी आहे. जुन्या जातींच्या कार्नेशनचा वास थेट लवंगेसारखा येतो, कारण लवंगेला जो वास येतो तो युजेनॉल नावाच्या द्रव्यामुळे, आणि तेच द्रव्य या फुलांतही असते. फारसी भाषेत तर लवंग आणि कार्नेशन या दोहोंना ‘मेखक’ असा एकच शब्द आहे. ‘मेखक’ म्हणजे लहानशी मेख, अर्थात खिळा. लवंग हातात घेऊन पाहा. ती लहानशा खिळ्यासारखी दिसते की नाही? हा ‘मेख’ शब्द आपल्या मराठीतही आहे आणि आपण तो रोज वापरतो. बाजारात आज जी मोठमोठी कार्नेशन मिळतात, त्यांपैकी बहुतेकांचा वास मात्र हरवला आहे. फूल मोठे व्हावे, दांडा लांब व्हावा आणि ते पुष्कळ दिवस टिकावे, या हेतूने माणसाने निवड करीत करीत जाती तयार केल्या. त्या निवडीत वासाकडे कोणी पाहिले नाही. मला हे बरे वाटत नाही.

आता झाडाकडे पाहा. कार्नेशनचे पान गवतासारखे अरुंद असते आणि त्याचा रंग हिरव्यापेक्षा राखाडी-निळसर दिसतो. पानावर बोट घासले की तो निळसरपणा पुसला जातो आणि खालचा खरा हिरवा रंग उघडा पडतो. तो निळसरपणा म्हणजे मेणाचा अत्यंत पातळ थर होय. पानांतील पाणी उन्हाने उडून जाऊ नये, अशी ही योजना आहे. अरुंद पान, मेणाचा थर आणि खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर वाढण्याची सवय या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की तुमच्या ध्यानात येईल की हे झाड पाणी जपून वापरणाऱ्यांच्या कुळातले आहे. उतारावरून पाणी वाहून जाते, मुळांशी साचत नाही. त्याच्या खोडावर ठरावीक अंतराने फुगीर पेरे असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन पाने असतात. ही पेरी लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

कार्नेशनला थंडी आवडते. दिवसा वीस अंशांच्या आतबाहेर आणि रात्री दहाबारा अंश एवढे तापमान त्याला मानवते. महाराष्ट्राच्या पठारावर, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक या भागांत, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या रात्री बहुधा अशाच असतात. दिवस थोडा अधिक तापतो, तेवढे ते सोसते. म्हणून आपल्याकडे ते हिवाळी फुलझाड म्हणूनच लावावयाचे. कोकणच्या दमट हवेत ते रमत नाही. व्यापारासाठी वर्षभर फुले हवी असतात, म्हणून शेतकरी प्लॅस्टिकच्या कापडाचे छत असलेली हरितगृहे उभारतात आणि त्यांत कार्नेशन वाढवितात. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे फुलांच्या अशा शेतीसाठी स्वतंत्र उद्यानच वसविण्यात आले आहे. घरच्या बागेला एवढा खटाटोप नको. दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशी जागा आणि थंडीचे चार महिने तिला पुरतात.

जमिनीची गोष्ट मात्र टाळता येत नाही. आपली देशावरची काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते. कार्नेशनच्या मुळांना अशा मातीत श्वास घेता येत नाही. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. तळाशी विटांचे तुकडे घालावेत. वर दोन घमेली तांबडी माती, एक घमेले जाड वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत या प्रमाणात मिश्रण भरावे. खत ‘पूर्ण कुजलेले’ असावे असे मी म्हटले, त्या शब्दावर भर आहे. ताजे शेण घातले तर मुळे जळतात आणि कीड येते ती निराळीच. तांबड्या मातीत मूठभर चुना मिसळला तर चांगले. काळ्या मातीत चुना बहुधा असतोच.

बी सप्टेंबरच्या आरंभी पेरावे. ते काळे, चपटे आणि तिळाहूनही लहान असते. मातीच्या पसरट परळात किंवा उथळ खोक्यात बारीक चाळलेली माती भरून बी पसरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि परळ सावलीत ठेवावा. आठदहा दिवसांत कोंब दिसू लागतात. इथपर्यंत सारे सोपे असते.

मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारात फुलांचा एक वाफा करावयाचे आम्ही ठरविले. सातवीच्या वर्गाने ते काम अंगावर घेतले. परळांतून सुमारे सव्वाशे रोपे आली. त्यांची निगा राखण्याचे काम एका मुलीने आपण होऊन मागून घेतले. ती सकाळी शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास येत असे आणि झारीने रोपांना पाणी घालीत असे. दुपारच्या सुट्टीत पुन्हा घालीत असे. संध्याकाळी घरी जाताना पुन्हा एकदा. तिची ही निष्ठा पाहून मी तिचे वर्गात कौतुकही केले. आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते. रोपांना पाणी किती आणि केव्हा द्यावे, हे तिला सांगावयाचे काम माझे होते. ते मी केले नव्हते.

ऑक्टोबरातील एका सकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलेना. मी तिच्याबरोबर गेलो. परळांतील रोपे एका बाजूस लवंडून पडली होती. पाने हिरवीगार होती, परंतु मातीला टेकणारा खोडाचा भाग तपकिरी, सुतासारखा बारीक झाला होता. दुसऱ्या दिवशी आणखी पडली. चार दिवसांत सत्तरांहून अधिक रोपे गेली.

“सर, मी एक दिवससुद्धा चुकवला नाही,” ती म्हणाली.

शाळेच्या शेजारी एक वृद्ध माळी राहत असत. त्यांना बोलावून आणले. त्यांनी परळातील मातीत बोट खुपसले, बाहेर काढले आणि आम्हां दोघांना दाखविले. बोटाला चिखल लागला होता.

“पोरी, याला तहान लागूच दिली नाहीस तू,” ते म्हणाले. “तहान लागली की मुळं खाली पाणी शोधत जातात. वरच्या वर पाणी मिळालं तर कशाला जातील? आणि वर सदा ओल राहिली, की बुरशी धरते. रोपं कोलमडली ती बुरशीनं.”

नंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, चूक तिची नाही हो.” मला ते ठाऊक होतेच.

उरलेली रोपे त्यांनी आमच्याकडून उंच वाफ्यावर लावून घेतली, एकेकीत वीतभर अंतर ठेवून. लावताना रोप खोल पुरावयाचे नाही, मुळे जेमतेम झाकली जातील इतकेच मातीत ठेवावयाचे, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी पाण्याचा नियमही घालून दिला. मातीत बोटाची दोन पेरे जातील एवढे खुपसावे. आत कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओल लागली तर झारी जागच्या जागी ठेवावी. पाणी सकाळी द्यावे, बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. द्यावयाचे तेव्हा मात्र भरपूर द्यावे, म्हणजे ते खोलवर जाईल. त्या मुलीने या नियमाचे एक पत्रक करून झारीलाच बांधून टाकले. काही दिवस ती रोज सकाळी येत असे, बोट मातीत खुपसून पाहत असे आणि पाणी न घालता परत जात असे. पाणी घालण्यापेक्षा हे तिला जड गेले असावे.

नोव्हेंबरच्या मध्यास रोपांना पानांच्या सहासहा जोड्या आल्या. आता खुडणीची वेळ झाली. कार्नेशनचे रोप तसेच वाढू दिले तर ते एकच दांडा सरळ वर नेते. त्याच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे एक द्रव्य तयार होत असते. ते खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना वाढू देत नाही. शेंडा काढला की हा दाब नाहीसा होतो आणि पेऱ्यापेऱ्यातून फांद्या फुटतात. म्हणून सहाव्या जोडीच्या वर शेंडा पेऱ्याशी धरावा आणि बाजूस वाकवून मोडावा. सकाळच्या वेळी खोड ताठ असते, तेव्हा तो ‘कट्’ असा आवाज करून सहज तुटतो. दुपारी खोड मऊ पडते आणि तुटण्याऐवजी चिरडते.

हे मी वर्गाला समजावून सांगितले. सर्वांना पटले. ती मुलगी मात्र पुढे आली नाही.

“सर, एवढी मेली. वाचलेल्यांचाही शेंडा मोडायचा?”

माळीबुवा तेथेच होते. त्यांनी विचारले, “घरी तुळशीच्या मंजिऱ्या कोण खुडतं गं?”

“आजी.”

“मग तुळस मरते का?”

“नाही. जास्त फुटते.” असे ती म्हणाली, पण हात काही पुढे केला नाही. अखेर आमचा असा तह झाला, की एक रोप तिचे. त्याला कोणी हात लावावयाचा नाही. बाकीच्यांची खुडणी करावयाची. तिने कोपऱ्यातले एक रोप निवडले आणि त्याच्याजवळ खूण म्हणून पांढरा खडा ठेवला.

डिसेंबर आणि जानेवारी हे महिने वाट पाहण्याचे असतात. या काळात झाडांना आधार द्यावा लागतो, कारण दांडे बारीक आणि फूल जड असते. वेळूच्या काड्या रोवून त्यांना सुतळीचे सैल वेढे द्यावेत. पंधरा दिवसांनी चिमूटभर लाकडाची राख मातीत मिसळावी. नत्राची खते अधिक घातली तर पाने माजतात, दांडे मऊ होतात आणि फुले उशिरा येतात. पानांवर तपकिरी भुकटीचे ठिपके दिसले तर तो तांबेरा समजावा आणि ती पाने तोडून जाळून टाकावीत. मावा आला तर साबणाच्या पाण्याने किंवा कडुनिंबाच्या अर्काने तो हटतो. सर्वांत वाईट रोग म्हणजे मर. धडधाकट दिसणारे झाड एका बाजूने पिवळे पडत जाते आणि वाळते. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून मर आलेल्या वाफ्यात पुन्हा कार्नेशन लावू नये, जागा बदलावी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिले फूल उमलले, ते कोपऱ्यातल्या न खुडलेल्या रोपाचे! साऱ्या वाफ्यात एकच फूल, फिकट गुलाबी. शाळाभरातील मुले ते पाहून गेली. ती मुलगी त्या दिवशी सर्वांना सांगत होती की हे माझे रोप आहे. मला तिच्या आनंदात भर घालावयाची होती आणि खरेही सांगावयाचे होते. म्हणून मी एवढेच म्हटले, की न खुडलेले रोप लवकर फुलते, हे तुझ्यामुळे वर्गाला कळले. हे खरेच आहे. ज्याला एखादे फूल लवकर हवे असेल, त्याने खुशाल शेंडा राखावा.

पुढे तीन आठवड्यांनी बाकीची रोपे फुलावयास लागली. प्रत्येकीला चारचार, पाचपाच दांडे होते. कोपऱ्यातल्या रोपाचे एकुलते फूल तोपर्यंत सुकले होते. त्याचे पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांना खालून धरून ठेवणारी हिरवी नळी, एका बाजूने फाटून पाकळ्या बाहेर लोंबल्या होत्या. हा दोष खुडणीशी संबंधित नाही. दिवसरात्रीच्या तापमानात फार चढउतार झाला किंवा पाणी कधी फार कमी, कधी फार जास्त मिळाले, की असे होते. खुडलेल्या रोपांवरही काही कळ्या तशा फाटल्या. जाणते माळी कळी मोठी होऊ लागताच तिच्या मध्यभागी लहान रबरी कडे चढवितात, त्याने कोश फाटत नाही.

एका दांड्यावर शेंड्याची एक मोठी कळी आणि खाली बाजूच्या लहान कळ्या येतात. बाजूच्या कळ्या खुडल्या तर शेंड्याचे फूल मोठे होते. प्रदर्शनासाठी आणि बाजारासाठी तसे करतात. घरच्या बागेत मी ते करीत नाही. एका मोठ्या फुलापेक्षा मागाहून येणारी तीन लहान फुले मला अधिक आवडतात. हा केवळ आवडीचा प्रश्न आहे.

फेब्रुवारीअखेर दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ होता. आमच्या वाफ्यातील फुले फुलदाणीत ठेवावयाची असे ठरले. फुले पहाटे, बाहेरच्या पाकळ्या पसरल्यावर, पेऱ्याच्या किंचित वर तिरपा काप देऊन कापली आणि लगेच पाण्यात ठेवली. अशी फुले आठवडाभर सहज टिकतात. समारंभ दुसऱ्या दिवशी होता, म्हणून फुलदाण्या रात्री भांडाराच्या खोलीत ठेवून दार लावून घेतले. सकाळी दार उघडले तो काय! सर्व फुलांच्या पाकळ्या आत वळून मिटल्या होत्या, जणू ती झोपी गेली होती. पाणी भरपूर होते, खोली थंड होती, आणि तरीही फुले गेली. त्याच खोलीत समारंभासाठी आणलेले पिकलेल्या केळ्यांचे दोन करंडे ठेवलेले होते.

पाहुणे यावयास दोन तास होते. मुले पुन्हा वाफ्याकडे धावली आणि उरली होती ती फुले आणली. त्या गडबडीत मला विचार करावयास वेळ मिळाला नाही. नंतर मी शोध घेतला, तेव्हा कळले की शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही असेच घडले होते. शिकागो शहरातील व्यापाऱ्यांनी आणलेली कार्नेशन हरितगृहांत ठेवली की मिटून जात आणि त्यांचे मोठे नुकसान होई. त्या काळी दिवे गॅसवर जळत. तेथील क्रॉकर आणि नाइट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये प्रयोग करून दाखवून दिले, की नळांतून गळणाऱ्या दिव्याच्या गॅसमधील इथिलीन नावाचा वायू हे कृत्य करतो. वीस लक्ष भाग हवेत इथिलीनचा एक भाग असला, तरी उमललेले कार्नेशन बारा तासांत मिटते! एवढ्या सूक्ष्म प्रमाणाची जाणीव आपल्या नाकाला होणे शक्य नाही. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमधील गेन या शास्त्रज्ञाने सिद्ध केले, की पिकणारी फळे स्वतःच इथिलीन तयार करतात. आमच्या केळ्यांनी हेच केले होते. सुकत चाललेले कार्नेशनही इथिलीन सोडते. म्हणून फुलदाणीतील एक फूल सुकले की ते तत्काळ काढावे, नाहीतर शेजारची फुलेही त्याच्यामागे जातात.

मार्च उजाडला की उन्हाने फुले लहान होऊ लागतात आणि एप्रिलमध्ये आपल्याकडचा हंगाम संपतो. युरोपात याच सुमारास तो भरात असतो. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याने अठ्ठेचाळीस वर्षांच्या हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला. त्या दिवशी एका उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता आणि पाहुण्यांना देण्यासाठी कार्नेशन आणलेली होती. गडबडीमुळे उपाहारगृह बंद राहिले आणि मालकाने फुले नोकरांना वाटून टाकली. सेलेस्त काएइरु नावाची तेथील एक स्त्री ती घेऊन घरी निघाली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याजवळ सिगारेट नव्हती. तिने एक कार्नेशन दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने तसेच केले. फारसा रक्तपात न होता ती राजवट कोसळली आणि त्या क्रांतीला फुलाचेच नाव पडले. आपलाही या घटनेशी संबंध आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, परंतु लिस्बनच्या जुन्या सरकारने ते कधी मान्य केले नव्हते. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून ते मान्य केले.

आता पुन्हा आपल्या वाफ्याकडे येऊ. फुले संपत आली तेव्हा त्या मुलीने विचारले, “सर, माझ्या गुलाबी रोपाचं बी ठेवलं, तर पुढच्या वर्षी तशीच फुलं येतील ना?”

येतीलच असे नाही. कार्नेशनच्या बियांपासून येणारी रोपे आईसारखी निघतील याची खात्री नसते, कारण फुलावर दुसऱ्या कोणत्या फुलाचे पराग पडले, हे आपणांस ठाऊक नसते. माणसाने हे मिश्रण हेतुपूर्वक करण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, तो याच फुलावर. लंडनजवळच्या हॉक्सटन येथील थॉमस फेअरचाइल्ड नावाच्या रोपवाटिकेच्या मालकाने १७१७ च्या सुमारास स्वीट विल्यम या फुलाचे पराग कार्नेशनवर घातले. जे झाड आले ते धड आईसारखे नव्हते, धड बापासारखेही नव्हते. त्याला बी धरत नसे. म्हणून लोक त्याला ‘फेअरचाइल्डचे खेचर’ म्हणू लागले. आज संकरित बियाण्यांचे नाव घेताना आपल्याला काहीच वाटत नाही. पण त्या काळी ईश्वराच्या कामात माणसाने हात घालावा की नाही, हा मोठा प्रश्न होता. त्यापूर्वी शतकभर आधी शेक्सपिअरने ‘द विंटर्स टेल’ या नाटकात तो मांडला होता. त्यातील पर्डिटा ही मुलगी पट्ट्यापट्ट्यांची कार्नेशन आपल्या बागेत नकोत म्हणते, कारण त्यांत माणसाच्या करामतीचा भाग आहे. तिच्याशी बोलणारा राजा उत्तर देतो, की ती करामतही निसर्गातूनच आलेली आहे. फेअरचाइल्डने १७२९ मध्ये मृत्यूपूर्वी पंचवीस पौंड चर्चला ठेवले. त्यांच्या व्याजातून सृष्टीतील ईश्वराच्या अद्भुत कृतींवर दरवर्षी एक प्रवचन व्हावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

तेच फूल पुन्हा हवे असेल तर बी उपयोगाचे नाही, कलम करावे लागते. खोडाच्या बाजूने फुटलेली, न फुललेली, बोटाएवढी फांदी पेऱ्याच्या लगेच खाली कापावी, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळूत ती खोचावी. सावलीत ठेवल्यास तीनचार आठवड्यांत मुळे फुटतात. आम्ही मार्चच्या आरंभी कोपऱ्यातल्या रोपाच्या बुंध्याशी फुटलेल्या फांद्यांची अकरा कलमे केली. शेंडा राखलेल्या त्या रोपाला अशा फांद्या थोड्याच होत्या. खुडलेल्या रोपांना पुष्कळ होत्या. हा फरक तिने स्वतः मोजून वहीत लिहिला.

अकरांपैकी आठ कलमांना मुळे फुटली. त्यांच्या कुंड्या आम्ही उन्हाळाभर आडाजवळच्या चिंचेखाली ठेवल्या. मे महिन्याच्या उन्हात तीन वाळल्या. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा उरलेल्या पाच व्हरांड्यात घेतल्या; पावसाची झड चार महिने अंगावर घेणे कार्नेशनला जमत नाही. ती मुलगी तोवर आठवीत गेली होती आणि वाफा नव्या सातवीकडे आला होता. तरीही मधल्या सुट्टीत ती येत असे, प्रत्येक कुंडीत बोट घालून पाहत असे आणि बहुधा हात झटकून वर्गात निघून जात असे. सप्टेंबर उजाडेपर्यंत दोन कुंड्या टिकल्या. एक तिने वाफ्यात लावली. दुसरी त्या माळीबुवांच्या अंगणात नेऊन दिली आणि निघताना त्यांना सांगून आली, “आजोबा, पाणी जपून घाला हं.”